वाळवणाची वही

(समुद्रपूर तालुका, जिल्हा वर्धा. फेब्रुवारी ते नोव्हेंबर २०२४)

११ फेब्रुवारी, रविवार

आजपासून वही सुरू. कापूस वेचणीचे ६,००० रुपये या वर्षी किराण्यात जाऊ दिले नाहीत, लुगड्याच्या घडीत ठेवलेत. बचत गटातून १५,००० कर्ज मंजूर झालं, शेकडा २ महिना, मुद्दल दर महिन्याला १,५०० परत. पापड, कुरडया, शेवया करायच्या आणि विकायच्या. आम्ही चौघी आहोत : मी, जाऊबाई, मागच्या घरच्या काकू आणि कोपऱ्यावरची नवी वहिनी. काम आमच्या ओसरीत आणि स्लॅबवर. पैशाची जोखीम माझी एकटीची.

गटांना मार्गदर्शन करणारी प्रेरिका ताई म्हणाली, "रोज नको लिहू, पण काही बिघडलं की त्याच दिवशी लिही. ग्रामसंघाच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या, बैठकीत वाचून दाखवशील. आपल्या बाया चांगलं चाललेलं सांगतात, बिघडलेलं सांगत नाहीत."

सासूबाई पाटावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "पापड कोणी इकत घेते का वं? घरोघरी लाटतेत."

आता घरोघरी लाटत नाहीत. आमच्या गल्लीत मागच्या उन्हाळ्यात अकरा घरांपैकी चार घरांत लाटले, ते मी मोजलं होतं. सुना निंदणाला जातात, आशा सेविका आहेत, अंगणवाडीत आहेत, पोरी नागपूरला शिकतात. खायला सगळ्यांना लागतात.

१९ फेब्रुवारी, सोमवार

वर्ध्याहून शेवयाची मशीन आणली, जुनी, १४,००० ला. विकणारी बाई आता मुलाकडे पुण्याला चालली. नवीनला बरेच जास्त पडले असते. घ्यायच्या आधी तिच्याच घरी, तिच्याच समोर दोन किलो पीठ घालून चालवून पाहिली. जुनी वस्तू बंद उभी असताना घेऊ नये. मोटर गरम होते का, जाळी झिजली का, गिअरमधून तेल गळतं का, हे चालू असतानाच दिसतं.

बाकी खरेदी : वजनकाटा १,९००, पिशवी चिकटवायची मशीन १,४५०, वाळवायला नेट आणि प्लास्टिक ९००. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे की नाही ते दुकानातच पाहिलं. इलेक्ट्रॉनिक काट्याची तपासणी दर वर्षी करून घ्यावी लागते. घरात वापरायचा स्वस्त काटा घेतला असता तर हजार वाचले असते, पण वजन करून विकताना तो चालत नाही.

२ मार्च, शनिवार

अन्न परवान्याचं काम झालं. तालुक्याला एका केंद्रावर विचारलं तर "दीड हजार लागतील, साहेबाला भेटावं लागते." लेकीनं घरी मोबाईलवर फॉस्कॉस हे अन्न परवान्याचं सरकारी पोर्टल उघडलं, आधार, फोटो, पत्ता टाकला, फी भरली. वर्षाला उलाढाल १२ लाखांच्या आत असली तर परवाना नाही, नुसती नोंदणी लागते, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये. आम्ही पाच वर्षांचे ५०० भरले. साहेब कोणी भेटला नाही.

छोट्या उद्योगांची सरकारी उद्यम नोंदणीही केली. तिला एक पैसाही लागत नाही. मात्र मोबाईलवर शोधलं की सरकारी वाटतील अशी पैसे मागणारी पानं वर येतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का, ते आधी पाहावं.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन आणि महाशिवरात्र एकाच दिवशी. तालुक्याला कार्यक्रम, सगळ्या बाया उपाशी आणि स्टेजवर समोसे. सत्कारात नारळ मिळाला. "घर सांभाळून उद्योग" असं तीन वक्त्यांनी म्हटलं. घर सांभाळायला कोणी येतो म्हणाला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

कामाचं एकच ऐकलं. अन्न प्रक्रिया उद्योगाच्या केंद्र सरकारच्या योजनेत गटातल्या बाईला ४०,००० पर्यंत बीज भांडवल मिळतं. पण ते फुकट नाही. आपल्या हातात कर्ज म्हणूनच येतं आणि परत करावं लागतं. शेजारच्या गावच्या एकीनं ते अनुदान समजून घराला रंग दिला. मी यंदा घेणार नाही. एक हप्ता पुरे.

२१ मार्च, गुरुवार

पहिली ५ किलो उडदाची खेप. चौघी सकाळी सातला बसलो.

शिकलो ते असं. पापड कडक उन्हात घालायचे नसतात. आम्ही उत्साहात स्लॅबवर घातले, तासाभरात कडा तडकल्या आणि पापड वाटीसारखे वळले. काकूंनी धावत जाऊन ओसरीत आणले. कुरडईला ऊन मारकं पाहिजे, पापडाला सावली आणि वारा. हे चौघींनाही माहीत होतं. घरच्या दोन किलोला आपण आपोआप सावली शोधतो, पाच किलोला जागा पुरली नाही म्हणून वर नेले.

२१ पाकिटं झाली, पाव किलोची. ६० रुपयांना दिली, पाच दिवसांत संपली. १,२६० रुपये. सगळ्या खूश.

३ एप्रिल, बुधवार

आज हिशोबाला बसले आणि खुशी गेली.

उडीद डाळ ५ किलो, १३० नं ६५०. दळण ५०. पापडखार, हिंग, मिरे, जिरे, मीठ मिळून १५०. तेल ६०. पिशवी आणि लेबल पाकिटामागे ४, म्हणजे ८४. बेरीज ९९४. विक्री १,२६०. उरले २६६.

मी २६६ नफा म्हणून लिहिलं. लेक मागं उभी होती. म्हणाली, "आई, लाटायला किती तास लागले?" चौघी चार-चार तास, म्हणजे सोळा. भिजवणं, कुटणं तीन तास. वाळवणं, मोजणं, भरणं दोन. एकवीस तास. तिनं मोबाईलवर भागाकार केला. तासाला पावणेतेरा रुपयेही पडत नाहीत.

रोजगार हमीची मजुरी १ एप्रिलपासून २७३ ची २९७ झाली आहे. आठ तासांनी भागलं तर तासाला ३७. आमच्या एकवीस तासांचे ७७७ होतात. म्हणजे त्या खेपेचा खरा खर्च ९९४ नव्हता, १,७७१ होता. एका पाकिटाला ८४ रुपये लागले आणि ते आम्ही ६० ला विकलं. पाच दिवसांत का संपलं ते आता कळलं.

दर पाकिटावर चोवीस रुपये आम्ही गावाला वाटले. कोणी मागितलेही नव्हते.

मी उद्यापासून १०० रुपये म्हणते. जाऊबाई म्हणाल्या, "गावात तोंड दाखवाले जागा राह्यणार नाही." काकू म्हणाल्या, आपली मेहनत कायले धरतं, ती तं घरचीच आहे. रात्री दहापर्यंत हाच वाद. शेवटी मी विचारलं, काकू, तुम्ही माझ्या वावरात निंदाले आल्या तर मजुरी घेता ना? म्हणे, घेतोच ना. मग पापड लाटाले ओसरीत आल्या तर काहून नाही? काकू काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा ओट्यावर चढतानाच विचारलं, किती वाजले ते लिहिलं का?

ठरलं ते असं. प्रत्येकीचे तास वहीत, मजुरी तासाला ३७, माझीसुद्धा. माझी मजुरी घरखर्चाच्या डब्यात जाईल, धंद्याचा डबा वेगळा. दोन्ही डबे एकाच फळीवर ठेवायचे नाहीत.

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. काम बंद. १०० रुपयांची ९ पाकिटं विकली. गावात दोन, बाकी सात पाडव्याला आलेल्या पाहुण्यांनी नेली. नागपूरच्या एका पाहुणीनं भाव विचारलासुद्धा नाही.

गावासाठी दुसरा मार्ग काढला. उडीद तुमचा, लाटणं आमचं, किलोला १२०. तासाला साडेएकतीस पडतात, हमीपेक्षा कमी. पण भांडवल लागत नाही, पाकीट लागत नाही, उधारी राहत नाही. पापड घ्यायला येतानाच पैसे. शेवयांचंही तेच, रवा-पीठ त्यांचं, किलोला ३०. पहिल्याच वर्षी धंदा करणाऱ्या बाईला मी आता हेच सांगेन. आधी दुसऱ्याच्या मालावर हात बसव, मग स्वतःचा माल भर.

१२ एप्रिल, शुक्रवार

अवकाळी. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, साडेतीनला थेंब. स्लॅबवर ८ किलो गव्हाच्या कुरडया, निम्म्या ओल्या. दोघीजणी खाली मशीनवर, आवाजात ढग ऐकू आले नाहीत. प्लास्टिक टाकेपर्यंत एका बाजूच्या भिजल्या.

तीन दिवस गहू भिजवा, रोज पाणी बदला, वाटा, चीक काढा, निवू द्या, पहाटे उठून घाटा, सोऱ्यानं पाडा. आणि वीस मिनिटांत लगदा. रडू आलं, ते लिहून ठेवते.

भिजलेल्या वाळवून विकू या, असं वहिनी म्हणाली. तळून पाहिल्या, फुलतात, पण आंबूस वास. विकल्या नाहीत. ढोरांना घातल्या. आता मशीन चालू असली की एक जण वरच बसणार, तिचेही तास लिहिले जाणार.

२६ एप्रिल, शुक्रवार

लोकसभेचं मतदान. मशीन बंद. रांगेत उभ्या उभ्या शेवयाच्या चार ऑर्डरी मिळाल्या.

६ मे, सोमवार

मोटर जळाली. संध्याकाळी विजेचा दाब कमी होता, मशीन घुमत होती पण फिरत नव्हती, आणि मी "होईल, होईल" म्हणत पाच मिनिटं चालू ठेवली. वाइंडिंगचे २,३००. हिंगणघाटच्या मेकॅनिकनं सांगितलं, दाब कमी असला की मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. अशा वेळी बटन लगेच बंद करायचं. आता मशीन पहाटे पाच ते दहा चालवतो. तेव्हा दाब चांगला असतो आणि आपलंही डोकं तापत नाही. उन्हाचा पारा ४४ वर आहे.

विजेच्या मीटरची भीती बऱ्याच बायांना असते, मलाही होती. कोणी तक्रार केली तर व्यापारी दर लागेल का? महावितरणच्या दरपत्रकात घरातल्याच एका भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत (वर्षाला ३,६०० च्या आत) असेल तर घरगुतीच दर लागतो. आमचा सगळ्यात जास्त महिना १६० युनिटचा.

१० मे, शुक्रवार

अक्षय तृतीया. घागर भरली, पितरांना पान वाढलं. दुपारी आंब्याचा रस आणि सरगुंडे.

या सरगुंड्यांचं मोठं प्रकरण झालं. सासूबाईंनी हौसेनं केले होते. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळून, वाळवून, काडी काढून घेतात. पोकळ, पिळाचे, उकळत्या पाण्यात टाकले की फुगतात. आमच्या चौघींपैकी एकीलाही येत नाहीत. माझ्या हातून दोरी तुटते. रस खायला आलेल्या मामेसासूबाईंनी पाहिले आणि म्हणाल्या, "वर्ध्याच्या लेकीले दोन किलो पाठवाचे आहेत, काय भाव?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पाचशे रुपये किलो."

मला ठसका लागला. मामेसासूबाईंनी मात्र हजार रुपये काढून दिले.

पाहुणे गेल्यावर सासूबाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. वही ओढून घेतली. त्यांना वाचता येत नाही, पण बोट ठेवून विचारलं, "हे काकूचं नाव, हे तुह्या जाऊचं. माहं कुठी आहे? तीन महिने झाले कुरडईचा चीक मी पाह्यतो, हिंग किती ते मी सांगतो, पोरीचा डबा मी करतो म्हणून तू खाली बसतं. माह्या हाताले दाम नाही का?"

मी काकूंना वावराचं उदाहरण देऊन शहाणपण शिकवलं होतं. घरातल्या घरात तेच विसरले.

सासूबाईंचं नाव पाचवं लिहिलं. मागचे तास आठवून, त्यांच्याशी भांडून (त्यांनी जास्तच सांगितले) ९० तास ठरले. पैसे एकदम देता आले नाहीत. महिना-महिना देईन म्हटलं. त्यांनी "व्याज?" विचारलं. गटात बसतात त्या पहिल्यापासून, शेकडा २ माहीत आहे त्यांना.

३१ मे, शुक्रवार

हंगामाचा हिशोब. प्रेरिका ताई समोर बसली होती.

जमा : शेवया करून दिल्या ४१२ किलो, १२,३६०. पापड १४,१६०. कुरडया आणि सरगुंडे ९,४५०. एकूण ३५,९७०. पापड लाटून दिल्याचे पैसे ज्यांनी लाटले त्यांना तिथल्या तिथे वाटले, ते यात नाहीत.

खर्च : माल १०,४००. दळण, पिशव्या, लेबल २,६५०. वीज जास्तीची १,१२०. मोटर २,३००. मजुरी पाचजणींची ११,४७० (सासूबाईंना आतापर्यंत दिले तेवढे धरून). गटाचं व्याज ८१०. एकूण २८,७५०.

नफा ७,२२०. टाळ्या.

मग मी डबा उघडला. डब्यात १,८२० रुपये. सगळ्यांची तोंडं पाहण्यासारखी. चोरी झाली का, असं जाऊबाई म्हणाल्या.

चोरी नाही. ४,५०० मुद्दल गटाला परत गेलं, ते खर्चात धरत नाहीत पण डब्यातून तर जातात. ३,१५० उधारीत आहेत. मशीन, काटे आणि नोंदणी भरून सुरुवातीच्या २१,००० मधले २,२५० उरले होते, ते यात मिळवा. जुळतं, रुपयाला रुपया. पण हे समजायला मला दोन तास लागले. नुसता नफा पाहिला असता तर उद्या उडीद आणायला गेले असते आणि दुकानात उभी राहिले असते रिकामी.

उधारीतले १,९०० एकाच लग्नघराचे. हळदीच्या दिवशी धावत येऊन नेलं, आता "नवरी सासरी गेली की देतो." नवरी जाऊन वीस दिवस झाले. पुढच्या हंगामापासून लग्नाच्या ऑर्डरीला अर्धे पैसे आधी. आणि ते मागायला मी जाणार नाही, काकू जाणार. काकूंना नाही म्हणायची गावात कोणाची हिंमत नाही. मला आहे, मी लाजते.

१२ जून, बुधवार

उधारीतले २,६०० वसूल झाले (काकू!). डब्यात ४,४२० झाले. त्यात उद्या २५ किलो उडीद आणायचा होता, पावसाच्या आधी शेवटची मोठी खेप.

संध्याकाळी डबा उघडला तर १,८२८.

यांनी बियाणं आणलं. कपाशीची बीजी-२ पिशवी ८६४ रुपये, तीन पिशव्या, २,५९२. कृषी केंद्रात उधार मिळत होतं, पण उधारीत पिशवीमागे जास्त लावतात, म्हणून रोख नेले. हे बरोबरच आहे. मला विचारलं नाही, हे बरोबर नाही.

"घरचाच पैसा आहे ना? मी का पत्त्यात उडवला?"

मी म्हटलं, उडवला असता तर भांडण सोपं होतं.

भांडले नाही. वही काढली आणि त्यांच्यासमोर लिहिलं : यांच्याकडे उसनवार २,५९२, तारीख १२ जून. सही मागितली. ते हसले, मग चिडले, मग उठून बाहेर गेले. सही केली नाही. सासूबाईंनी ओसरीतून आवाज दिला, "आण इकडे, मी आंगठा देतो, मी साक्षीदार." वहीत त्यांचा आंगठा आहे.

उडीद १० किलोच आणला.

९ जुलै, मंगळवार

चार दिवस झड. वाळवण बंद. अर्धं गाव तहसीलमध्ये, लाडकी बहीणच्या कागदांसाठी.

पावसाळ्यात काय करायचं याचा विचार मी फेब्रुवारीत केला नव्हता, ही चूक. मशीनला तेल देऊन, पोत्यात गुंडाळून ठेवली. उरलेली १४ पाकिटं पापड तपासली, तीनमध्ये बुरशी. कारण सापडलं : ती शेवटच्या दिवशी संध्याकाळी घाईत भरली होती, पापड हाताला कोमट होते. गरम माल बंद केला की आत घाम येतो. आता वाळलेला माल रात्रभर परातीत निवू देतो, सकाळी एक मोडून पाहतो. टचकन तुटला तर भरायचा, वाकला तर पुन्हा वाऱ्यावर.

लेबलावर "कधीपर्यंत चांगलं" हे लिहिताना दुसऱ्याच्या पाकिटावरून सहा महिने उतरवलं होतं. आता प्रत्येक खेपेचं एक पाकीट घरात ठेवतो आणि दर महिन्याला तपासतो. सध्या तीन महिने लिहितो. खेपेचा नंबर टाकल्यामुळेच ती तीन पाकिटं कोणत्या दिवसाची ते कळलं, नाहीतर सगळीच फेकली असती. लेबल बनवताना नंबर कशाला, असं मीच म्हटलं होतं.

२८ जुलै, रविवार

हळद. वायगावकडच्या एका शेतकऱ्याकडून एप्रिलमध्येच १५ किलो वाळलेली हळकुंडं घेऊन ठेवली होती, ती दळून आणली. चक्कीवर सकाळी पहिला नंबर लावायचा आणि आधी आपलंच किलोभर हळकुंड दळून बाजूला काढायचं. तिखटानंतर हळद दळली की गिऱ्हाईक दुधात टाकून पितं आणि मग फोन येतो. आला होता.

वहिनी म्हणाली, पाकिटावर मोठ्या अक्षरात "वायगाव हळद" टाकू. भाव चांगला मिळेल हे खरं. पण त्या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि ते नाव लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असावी लागते. आमची नाही. नुसतं "हळद पावडर" लिहिलं. तोंडानं सांगतो कुठली ते.

१७ ऑगस्ट, शनिवार

खात्यात लाडकी बहीणचे ३,००० आले, दोन महिन्यांचे. सासूबाईंचेही आले, वय बासष्ट. बँकेत ही गर्दी.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोन हजार माझ्यासमोर ठेवले. "उडीद आण. शेकडा २."

मी म्हटलं, आई, मी तुमच्या मजुरीचेच अजून ९०० देणं लागते. म्हणाल्या, "ते अलग लिही."

१४ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या ऑर्डरी. चकलीची भाजणी आणि अनारशाचं पीठ. अनारशाच्या पिठाला तोड नाही. तांदूळ तीन दिवस भिजवून, सावलीत अर्धवट सुकवून, कुटून गूळ घालायचा, हे नोकरीवाल्या बायांना जमत नाही आणि अनारसे तर पाहिजेतच. मजुरी धरूनही यात पापडापेक्षा जास्त उरतं. वर्षभर पापड-पापड केलं आणि खरा माल हा निघाला.

तालुक्याच्या एका दुकानात ऑगस्टमध्ये पापडाची ४० पाकिटं ठेवली होती, ८५ भावानं, विकल्यावर पैसे. आज गेले. २२ चे पैसे मिळाले, ११ परत, ७ "उंदरानं कुरतडली." उंदीर त्यांच्या दुकानातला, नुकसान आमचं. कागद केला नव्हता, बोलणार काय? आता दुकानात एका वेळी दहाच पाकिटं, चिठ्ठीवर सही, संपली की पैसे घेऊन पुढची दहा.

दुसरं. काल फोन आला, हिंदीत, कॅम्पसाठी ५० किलो भाजणी पाहिजे, पैसे आत्ताच पाठवतो. क्यूआर पाठवला आणि म्हणे हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्याकडे येतील. वहिनी पिन टाकायलाच बसली होती. लेकीनं मोबाईल हिसकला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला. हे वाक्य ओसरीच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय. दारात कोणी पैसे पाठवल्याचा फोटो दाखवला तरी आपल्या मोबाईलवर जमा दिसल्याशिवाय पिशवी द्यायची नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

कापसाची पहिली गाडी विकली. भाव काय सांगू, हमीभावाच्या खालीच.

जेवण झाल्यावर यांनी खिशातून दोन हजार काढून वहीवर ठेवले. काही बोलले नाहीत. मी पान उलटून १२ जून काढला आणि २,००० जमा लिहिले.

"किती राह्यले?"

"पाचशे ब्याण्णव."

"लिहून ठेव," म्हणाले. मग जरा थांबून, "त्या आंगठ्याच्या बाजूनं सही करू का आता?"

सासूबाई आत भांडी लावत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "व्याज इचार वं त्याले."